गंगासागर मॅडम आणि माणसाचं प्रथिन

आमच्या गंगासागर मॅडमचं उन्हाळ्याशी वैर होतं. नांदेडात ऊन कुणालाच गोड लागत नाही, पण बाकीचे लोक वैतागतात, कूलरमध्ये पाणी भरतात आणि गप्प बसतात. मॅडमचं भांडण भावकीतल्या भांडणासारखं होतं, वर्षानुवर्षं चाललेलं. होळी झाली की प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभ्या राहून त्या बाहेरच्या लख्ख मैदानाकडं बघायच्या आणि म्हणायच्या, “आला बघ मेला. आता चार महिने ह्याचंच राज्य.”

मी त्यांच्याकडं पीएच.डी. करायला लातूरहून गेलो. लातूरच्या शिकवण्यांत वाढलेल्या पोराला वाटतं तसं मलाही वाटायचं की पाठांतर आणि सराव परीक्षा यांच्या जोरावर जगात काहीही जिंकता येतं. मॅडमनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात पिपेट दिलं आणि एका नळीतलं पाणी दुसऱ्या नळीत टाकून प्रत्येक वेळी तराजूवर तोलायला लावलं. पंधरा दिवस मी फक्त पाणी तोलत होतो. सोळाव्या दिवशी त्यांनी माझी वही पाहिली.

“लातूर,” त्या म्हणाल्या, “डोकं तर तुझं लई चालतंय. हाताला मातर आणखी शाळेत घालावं लागंल.”

तेव्हापासून आजतागायत मी त्यांच्यासाठी लातूर. माझं नाव त्यांना माहीत आहे, कारण माझ्या प्रबंधावर त्यांची सही आहे. पण ते त्यांनी कधी वापरलेलं मला आठवत नाही.

मॅडम अंगानं बारीक, आवाज मात्र असा की दुसऱ्या मजल्यावरून बोलल्या तर खाली सायकली लावणारी पोरं सरळ रांगेत लावायची. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. पेन दोरीनं गळ्यात, कारण “टेबलावर ठिवलं की त्येला पाय फुटतात.” माहेर कंधारजवळच्या एका खेड्यात, घरचे सगळे शेतीत. आपली पोरगी कॉलेजात नेमकं काय करते हे त्यांना अजून समजलेलं नाही, असं त्या स्वतःच हसून सांगायच्या. आणि फ्रिज! मॅडमच्या फ्रिजचं दार उघडायला देवळाच्या गाभाऱ्यात शिरण्याइतकी तयारी लागायची. आधी दाराबाहेर उभं राहून सांगायचं, काय हवंय, कुठल्या कप्प्यात आहे, कुठल्या बाजूला आहे. सांगता आलं नाही तर परत जागेवर. सांगता आलं की दार उघडायचं आणि मॅडम मागून मोठ्यानं आकडे मोजायच्या. पाचच्या पुढं गेलं की दिवसभर ऐकून घ्यावं लागायचं. मला आधी हा सगळा विक्षिप्तपणा वाटला. लातूरला फोन करून मी मित्राला सांगितलं होतं की आमच्या मॅडम फ्रिजला सोवळ्यात ठेवतात.

त्या फ्रिजमागं काय दुखणं होतं ते मला एका दुपारी कळलं. परदेशातून एक खोकं आलं होतं. आत बोटाच्या पेराएवढी कुपी आणि कुपीच्या तळाशी डोळ्यांना दिसेल न दिसेल अशी पांढरी भुकटी. माणसाच्या शरीरातलं एक प्रथिन, पेशींना ‘वाढा’ असा निरोप देणारं. प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या तर हे हवंच. ते माणसाच्या शरीरातून काढत नाहीत. त्याचं जनुक जिवाणूत घालतात आणि जिवाणूकडून बनवून घेतात. जगात हे रोज होतं. आपल्याकडं ते विकत मागवायचं आणि वाट बघायची. या वेळी वाटेत कुठंतरी खोकं चार दिवस पडून राहिलं होतं. मॅडमनी आतल्या बर्फाच्या पिशव्यांना हात लावला. त्या कोमट होत्या. त्यांनी कुपी उजेडात धरली, बराच वेळ बघितली आणि हळूच टेबलावर ठेवली.

“तिसऱ्यांदा,” त्या म्हणाल्या. “पुण्याला, हैदराबादला थंड पोचतं. नांदेडला येईस्तोवर मरतं. आता बास. हे आपुन इथंच करू.”

आमचे प्राचार्य त्या वेळी खोलीत होते. त्यांनी विचारलं, “मॅडम, माणसाचं प्रथिन जिवाणू कसं काय बनवणार?” प्राचार्य वाणिज्य शाखेचे. मॅडमनी त्यांना एका दमात समजावलं. “सर, सालगडी असतो का न्हाई? शेत त्येचं नसतं, बी त्येचं नसतं, पीक त्येचं नसतं. पर नांगरट, पेरणी, काढणी समदं त्योच करतो. आपला जंतू म्हंजे सालगडी. बी माणसाचं, राबणारा त्यो.” इतकं सोपं उत्तर मला पुढं कुठल्याही पुस्तकात सापडलं नाही. मी ते आजही वर्गात वापरतो आणि कुणाचं आहे ते सांगत नाही.

जनुक पोस्टानं आलं, कागदाच्या एका तुकड्यावर सुकवलेलं. जनुकाला उन्हाचं काही वाटत नाही. वाटतं ते प्रथिनाला. आणि आमची अडचण तिथंच होती. जिवाणू अंगाच्या उबेला वाढवले की ते घाईघाईनं प्रथिन बनवायचे आणि सगळा माल गुंतवळ होऊन, गोळ्या होऊन बसायचा. दिसायला भरपूर, कामाला शून्य. नीट हवं असेल तर त्यांना अठरा अंशांवर, गारव्यात, सावकाश काम करू द्यायचं. “उन्हात राबवला की सालगडी काम उरकतो,” मॅडम म्हणायच्या, “सावलीत ठिवला की निगुतीनं करतो.” आमच्याकडं त्यासाठी एक थंड करणारं हलवणी यंत्र होतं. फ्लास्क आत ठेवले की ते गोल गोल हलत राहायचे आणि आत गारवा. पण आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातली, तोंड पश्चिमेला. दुपारी तीननंतर ते यंत्र धापा टाकायचं.

एक उन्हाळा गेला, दुसरा गेला. हिवाळ्यात थोडं जमायचं, तोवर परीक्षा यायच्या. तिसऱ्या वर्षी जानेवारीत प्राचार्यांनी मॅडमना बोलावलं. माणूस वाईट नव्हता. खोल्या कमी, पोरं जास्त, आणि संगणक कक्षाला जागा नाही. त्यांनी सरळ सांगितलं, “जूनच्या आत काहीतरी ठोस दाखवा मॅडम. नाहीतर ती खोली मला द्यावी लागेल.”

मॅडम परत आल्या. त्यांनी एक एक करून सगळ्या बाटल्यांवरची नावं पुसून नव्यानं लिहिली, मोठ्या ठळक देवनागरीत.   मग त्यांनी हैदराबादच्या एका संशोधन संस्थेला पत्र लिहिलं. त्या लोकांकडं पेशी होत्या आणि परदेशी कुपीही होती. ‘मे महिन्यात आम्ही आमचं प्रथिन पाठवू. तुमच्या कुपीशेजारी ठेवून तपासा. खोटं ठरलं तर तसं लिहा.’ त्यांनी होकार कळवला आणि तारीख दिली. आता खोली राहणार की जाणार हे त्या एका तपासणीवर होतं.

मार्चच्या शेवटी पाठवण्याजोगा पहिला माल तयार झाला आणि तो मी मारला. हे लिहायला मला आजही लाज वाटते. प्रथिन शुद्ध करायच्या परदेशी कृतीत स्पष्ट लिहिलं होतं, ‘एक तास खोलीच्या तापमानाला ठेवा.’ मी ठेवलं. टेबलावर, खिडकीजवळ, दुपारी दोनला, वर पंखा गरम हवा फेकत होता. लातूरचा पोरगा, लिहिलंय तसंच करणार! तासानं येऊन बघतो तर नळीत दूध नासावं तसे पांढरे कण खाली बसलेले.

मी नळी घेऊन मॅडमसमोर उभा राहिलो. त्यांनी नळी बघितली, माझ्याकडं बघितलं, कृतीचा कागद मागितला. तो कागद त्यांनी माझ्या नाकासमोर धरला.

“ह्या कागदातली खोली कुठली हाय, लातूर?”

मी कागदाकडं बघितलं.

“ही खोली नांदेडातली न्हाई रे लेकरा! ह्यांच्या खोलीत लोकं स्वेटर घालून बसतात. आपल्या खोलीत पापड वाळतात.” मग आवाज एकदम उतरला. “तुझी चूक न्हाई. माझी हाय. म्या कागद तसाच दिला तुला.”

त्या दिवशी त्यांनी लाल पेन घेतलं आणि कपाटातल्या प्रत्येक कृतीतलं ‘खोलीचं तापमान’ खोडून तिथं आकडा लिहिला. सत्तर-ऐंशी कागद असतील. मी शेजारी बसून फाइली देत होतो. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. चूक स्वतःच्या अंगावर घेणारा माणूस मी तोवर फारसा बघितला नव्हता, आणि त्यांच्यासाठी काहीही करायला मी त्या दिवसापासून तयार झालो.

एप्रिलच्या मध्यात थंड यंत्र बंद पडलं. त्यातला गारवा करणारा भाग जळाला होता. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, सुटा भाग यायला दीड महिना. हैदराबादची तारीख तीन आठवड्यांवर. मी खुर्चीवर बसलो आणि म्हणालो, “संपलं मॅडम.”

“काय संपलं? हलवणी चालू हाय, गारवा गेलाय. मंग गारवा हुडक.”

“नांदेडात एप्रिलमध्ये अठरा अंश कुठं मिळणार?”

मॅडम खिडकीशी गेल्या. दोन मिनिटं उभ्या राहिल्या. मग गर्रकन वळल्या. “अर्धापूर!”

त्यांचा एक जुना विद्यार्थी, माधव, अर्धापूरला केळीचा धंदा करायचा. आमच्याकडं बी.एस्सी. केलं आणि घरच्या बागेकडं वळला. त्यानं केळी पिकवायच्या थंड खोल्या बांधल्या होत्या. कच्ची केळी तिथं क्रेटमध्ये रचतात आणि गारव्यात सावकाश पिकवतात, म्हणजे सगळ्या घडांना एकसारखा पिवळा रंग येतो. मॅडमनी माधवला फोन लावला. नमस्कार चमत्कार काही नाही.

“माधव, तुझ्या खोल्या किती अंशावर असतात रे?”

पलीकडून आलेलं उत्तर मलाही ऐकू आलं. “सतरा-अठरा, मॅडम. कामून?”

मॅडमनी फोन छातीशी धरला आणि डोळे मिटले. नंतर म्हणाल्या, “आम्ही येऊन राहिलो.”

आता कुणी म्हणेल, मग काय, यंत्र उचललं आणि निघाले. तसं नाही. असले जिवाणू कॉलेजबाहेर न्यायला परवानगी लागते, म्हणून मॅडमनी आधी कॉलेजच्या जैवसुरक्षा समितीच्या तीनही सदस्यांना गाठलं. एक लग्नाला नायगावला गेले होते, तर तिथं मांडवात जाऊन त्यांची सही आणली. माधवला सांगितलं की खोली पूर्ण रिकामी पाहिजे, एक केळ दिसता कामा नये, आणि काम झाल्यावर आम्ही ती स्वतः धुऊन देऊ. सकाळी कॉलेजात जिवाणू वाढवले, फ्लास्कची तोंडं बांधली, त्यांना बंद डब्यात घातलं. गारवा गेलेलं तेच हलवणी यंत्र गोधडीत गुंडाळून टेंपोत चढवलं. मॅडम पुढं ड्रायव्हरशेजारी डबा मांडीवर घेऊन बसल्या आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला त्याच्या नावानं शिव्या देत गेल्या. मी मागं यंत्राला मिठी मारून.

माधवचे वडील दारात उभे होते. पांढरं धोतर, हातात रुमाल. त्यांनी टेंपोतून उतरणारं यंत्र बघितलं.

“काय पिकवायला आणलं म्हणायचं बाई?”

“माणसाचं प्रथिन, काका.”

त्यांनी मान हलवली, जणू असलं गिऱ्हाईक रोजच येतं. “किती दिवसांत पिकतं?”

“उद्या सकाळी.”

“अरे व्वा,” ते म्हणाले. “आमच्या केळाला चार दिवस लागतात.”

त्या खोलीत पाऊल टाकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. बाहेर बेचाळीस अंश आणि आत गार, ओलसर, कच्च्या केळीचा वास भिंतीत मुरलेला. मॅडमनी पिशवीतून स्वतःचा थर्मामीटर काढला. भिंतीवरच्या आकड्यावर त्यांचा विश्वास नव्हता. पाच मिनिटं वाट बघितली. अठरा. त्यांनी जिवाणूंना काम सुरू करण्याचा इशारा देणारं रसायन प्रत्येक फ्लास्कमध्ये टाकलं आणि बटण दाबलं. फ्लास्क हलायला लागले. लाइट गेली तरी माधवचा जनरेटर होता. केळीवाल्याला लाइट जाऊन चालत नाही. कॉलेजात आम्हाला जे तीन वर्षं मिळालं नव्हतं ते इथं आपसूक होतं.

मुक्काम माधवच्या घरीच केला. सकाळी चहा न घेता मॅडम खोलीत गेल्या. फ्लास्क तसेच हलत होते. सगळं काढून घेतलं, मग आम्ही दोघांनी ती खोली फरशीपासून कोपऱ्यापर्यंत औषधाच्या पाण्यानं दोनदा धुतली. माधव ‘राहू द्या मॅडम, राहू द्या’ म्हणत मागं फिरत होता. “गुमान बादली भर,” मॅडम म्हणाल्या.

कॉलेजात येऊन जिवाणू फोडले आणि गाळ खाली बसवला. आधीच्या बहुतेक खेपांना सगळा माल त्या गाळातच जायचा. या वेळी वरचं पाणी नितळ होतं आणि प्रथिन त्या पाण्यात होतं. दोन दिवस शुद्ध करण्यात गेले. शेवटी तपासणीच्या पट्टीवर निळी रेघ उमटली. एकच. ना वर काही, ना खाली काही, म्हणजे भेसळ नाही. मी नाचलो. अगदी खरोखर, हात वर करून. मॅडमनी पट्टी उलटून पाहिली, पुन्हा सुलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, “रेघ आली म्हंजे हजेरी लागली. काम करतं का न्हाई ते हैदराबादवाले सांगतील.”

मॅडमना परीक्षेच्या कामातून सुटता येईना, म्हणून हैदराबादला मी गेलो. बर्फाचं खोकं मांडीवर, गाडीत कुणाला शेजारी टेकू दिलं नाही. संस्थेच्या खिडकीवर खोकं दिलं, पोच घेतली, संध्याकाळच्या गाडीनं परत. मग दहा दिवस आम्ही दोघं फोन वाजला की एकमेकांकडं बघायचो. मॅडमनी त्या दहा दिवसांत काचेचं एकूण एक भांडं स्वतः धुतलं. एकदा म्हणाल्या, “खोली गेली तर जाऊ दे. पर लोकं म्हणतील, नांदेडात हे व्हत न्हाई. ते म्या कसं ऐकू?” तेवढंच. मग पुढचं भांडं घासायला घेतलं.

अहवाल दुपारी आला. आलेखावर दोन रेषा होत्या, एक परदेशी प्रथिनाची, एक आमची. दोन्ही सोबत वर चढत होत्या, आणि शेवटच्या टप्प्यावर आमची रेषा केसभर वर होती. मॅडमनी कागद छापला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मग कॅनव्हासचे बूट वाजवत त्या जिन्याखाली निघाल्या आणि मी मागं धावलो. प्राचार्यांच्या दालनात मीटिंग चालू होती. मॅडम थेट आत.

“सर, ठोस आणलंय.”

प्राचार्यांनी कागद घेतला. त्यांना आलेख कळला नसणार, पण ‘समान क्षमता’ हे शब्द कळले. ते उठून उभे राहिले. सगळी मीटिंग उभी राहिली. “मॅडम,” ते म्हणाले, “संगणक कुठं ठेवायचे ते मी बघतो. तुमच्या खोलीला आता कुणी हात लावणार नाही.” आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मी आजवर बऱ्याच टाळ्या ऐकल्या आहेत, एवढ्या गोड कुठल्याच लागल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माधव टेंपो घेऊन आला. पेढ्यांऐवजी अख्ख्या कॉलेजला केळी वाटली. शिपाई, ग्रंथपाल, प्राचार्य, सगळे वऱ्हांड्यात उभे राहून केळी खात होते आणि मॅडम ओरडत होत्या, “सालं बादलीत! माझ्या वऱ्हांड्यात न्हाई!”

त्या खोलीत आता वर्षभर प्रथिन बनतं. नवं थंड यंत्र आलं, खिडकीला जाड पडदे लागले. औरंगाबादपासून सोलापूरपर्यंतच्या प्रयोगशाळांना मॅडमच्या कुप्या जातात, प्रत्येकीवर ठळक देवनागरीत नाव. मी पीएच.डी. संपवून लातूरला शिकवायला लागलो.

गेल्या वर्षी आमच्या लातूरच्या कॉलेजात पेशी वाढवायची छोटी सोय झाली. मी मॅडमकडं प्रथिन मागवलं. वाटलं होतं कुणाबरोबर तरी पाठवतील. त्या स्वतःच एसटीनं आल्या, खोकं मांडीवर घेऊन. फ्रिजमध्ये कुप्या ठेवून, माझ्या वर्गातल्या पोरींना पाच आकड्यांचा नियम शिकवून त्या त्याच दुपारी परत गेल्या. चार दिवसांनी मी फोन केला. “मॅडम, पेशी वाढल्यात. या बघायला.”

“उद्या सकाळच्या बसनंच येते,” त्या लगेच म्हणाल्या. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं की मॅडमनी हे कधी बघितलेलंच नाही. इतकी वर्षं प्रथिन त्यांनी बनवलं, पण ते काय करतं ते नेहमी दुसऱ्या गावी, दुसऱ्यांच्या डोळ्यांनी. त्यांच्या वाट्याला निळी रेघ आणि लोकांचे कागद.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं त्या आल्या. मी सूक्ष्मदर्शकाखाली आधी प्रथिनाशिवायची बशी ठेवली. माणसाच्या त्वचेच्या पेशी, इकडं एक, तिकडं एक, मध्ये मोकळं रान. त्यांनी पाहिलं, मान हलवली. मग मी त्यांच्या प्रथिनाची बशी ठेवली. मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला आणि डोळा लावला. बशी काठोकाठ भरली होती. पेशीला पेशी लागून, दाटीवाटीनं, एका ठिकाणी तर नुकतीच एकीची दोन झालेली जोडी होती. मॅडमचा हात हळूच स्टुलाच्या कडेवर गेला आणि त्यांनी ती घट्ट धरली.

“मॅडम, दिसलं का?” मी विचारलं.

“हं.”

मागं माझ्या नऊ पोरी बघायला रांगेत उभ्या होत्या. मॅडमनी न वळता एक हात मागं केला, थांबा म्हणून. पाच मिनिटं झाली, दहा झाली. नांदेडची बस सुटायची वेळ आली तशी मी दबक्या आवाजात आठवण केली.

“जाऊ दे तिला,” मॅडम म्हणाल्या आणि डोळा न हलवता स्टूल आणखी जवळ ओढलं.